शत्रूने मोजलेले पाणी

आरमाराच्या मुख्यालयात तळमजल्यावर नकाशांची खोली होती आणि त्या खोलीत एकतीस वर्षे बाईंचे राज्य होते. समुद्राचा तळ एका जागी राहत नाही. वाळू सरकते, खोली बदलते. असा प्रत्येक बदल बाई बारीक टाकाने जांभळ्या शाईत नकाशावर चढवीत. त्यांची सही नसलेला नकाशा घेऊन एकही नौका धक्का सोडत नसे. वरच्या मजल्यावर साहेब येत-जात, त्यांच्या छातीवरच्या फिती वाढत. अक्कल मात्र होती तेवढीच राही, असे बाईंचे मत होते आणि ते त्या लपवीतही नसत.

त्या आठवड्यात शेजारच्या सत्तेशी एका वाळूच्या दांड्यावरून जुंपली होती. दांडा तरी केवढा? भरतीला पाण्याखाली, ओहोटीला दोन बगळे उभे राहतील एवढा. पण दोन्ही राष्ट्रांची अब्रू त्या बगळ्यांच्या पायांखाली अडकली होती. शनिवारी सकाळी अकराला आपल्या तीन गस्तीनौकांनी दांड्याच्या पूर्वेकडून पूर्ण वेगाने जायचे, असे धोरण ठरले. अकराच का? तर छायाचित्रांना ऊन चांगले मिळते म्हणून. त्याच वेळी ओहोटी असते, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

नकाशा सहीसाठी बाईंच्या टेबलावर आला. पूर्वेच्या वाटेवर आकडा होता अकरा मीटर. मोजणी बारा वर्षांपूर्वीची. शेजाऱ्यांनी मात्र ते पाणी गेल्याच वर्षी मोजले होते आणि जगभरच्या खलाशांना कळवले होते की वाळू पूर्वेला सरकली आहे, ओहोटीला जेमतेम दोन मीटर पाणी उरते. नौकेला तीन लागत. ते पत्रक बाईंच्या खणात पडून होते, कारण वरून हुकूम होता: शत्रूने मोजलेले पाणी आपल्या नकाशावर चढवायचे नाही. चढवले, तर मोजण्याचा त्यांचा हक्क मान्य केल्यासारखे होईल!

पहिल्या नौकेचा कप्तान बाईंचा जावई होता.

बाई नकाशाची गुंडाळी घेऊन दोन जिने चढल्या आणि थेट बैठकीत शिरल्या. मोहिमेच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे भोंगासाहेब म्हणत. ते भिंतीवरच्या पडद्यावर बाण काढण्यात गुंतले होते.

"साहेब, या वाटेवर दोन मीटर पाणी आहे. नौका रुतणार."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी मोजलं ते."

"म्हणजे शत्रू!" भोंगासाहेब गरजले. "आपल्याला घाबरवायला आकडे फेकतोय तो."

"त्याची स्वतःची जहाजंही वर्षभर वळसा घालून जातात. स्वतःलाच घाबरवतो की काय?"

कोपऱ्यातला एक तरुण अधिकारी हसला. "बाई, खोली मोजायचं यंत्र असतं हो नौकेवर."

"असतं ना. ते पायाखालचं सांगतं, नाकापुढचं नाही. त्या वेगात तुम्हाला कळेस्तोवर नाक वाळूत."

"जावयासाठी जीव तुटतोय, असं सरळ म्हणा की," भोंगासाहेब म्हणाले.

"तुटतोच. माझ्या लेकीचा नवरा आहे तो. पण तीन नौकांवर नव्वद माणसं आहेत. ती काय सगळी माझे जावई? आणि रुतलेली नौका ओढायला जवळ बोट असेल ती समोरच्यांचीच. त्यांच्या दोराला बांधून घरी यायचंय का आपल्याला?"

"हुकूम आहे. सही करा."

"करते." बाईंनी नकाशा टेबलावर पसरला. "माझ्या सहीशेजारी तुम्ही एवढंच लिहा की इथे अकरा मीटर पाणी आहे. खाली तुमचं नाव."

टाक भोंगासाहेबांपुढे आला. त्यांनी तो उपप्रमुखांकडे सरकवला, उपप्रमुखांनी सल्लागारांकडे. हसऱ्या तरुणाला एकाएकी खोकल्याची उबळ आली. इतके शूरवीर एका टेबलाभोवती बसलेले, आणि चार शब्द लिहायला हात धजेना एकाचाही!

अखेर भोंगासाहेबांनी घसा साफ केला. "मी विचार करत होतो... संयम हीही ताकदच असते. आपण पश्चिमेकडून जाऊ. दोन मैल लांबून."

"वा! केवढी दूरदृष्टी," बाई म्हणाल्या आणि पश्चिमेच्या वाटेवर सही करून खाली आल्या.

शनिवारी नौका पश्चिमेकडून गेल्या. शेजाऱ्यांची जहाजे पलीकडून गेली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत समोरचा पळाल्याची बातमी आली.

दुपारी जावई लेकीला घेऊन जेवायला आला, तोंड फुगवून. "सासूबाई, तुमच्यामुळे लांबून जावं लागलं. पूर्वेकडून गेलो असतो तर नाव झालं असतं माझं."

"झालं असतं ना, जावईबापू. बुडालेल्या जहाजांची नावं नकाशावर मीच लिहिते."

लेक तोंडाला पदर लावून हसली. जावई हात धुऊन पाटावर येऊन बसला, आणि त्या दिवशी त्याने तीनदा भात मागून घेतला.