न धुतलेला तवा

अंबिकाबाईंचं सुतक फिटलं त्या दिवशी त्यांच्या मुलानं, श्रीनिवासनं, घरातली सगळी भांडी मागच्या अंगणात काढली. तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासली गेली. पाण्याचा माठ फोडून टाकला. लोखंड अग्नीनं शुद्ध करायचं असतं, म्हणून झारा, सांडशी आणि आईचा तवा त्यानं गोवऱ्यांच्या जाळात ठेवला.

तवा लाल व्हायला आला तेव्हा त्याची बायको भानुमती म्हणाली, "अहो, बिडाचा आहे तो. तडकेल."

"बीड म्हणजे लोखंडच," श्रीनिवास म्हणाला. त्यानं तुळशीच्या पानानं तव्यावर पाणी शिंपडलं आणि तांब्यात राहिलेलं त्याच्यावरच ओतलं.

आवाज फार मोठा झाला नाही. तवा काठापासून मध्यापर्यंत तडकला. आतल्या खोलीत त्याचे वडील, दत्तोपंत, पलंगावर बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं.

दत्तोपंतांनी निजामाच्या वेळी महसूल खात्यात उर्दूतून कागद लिहिले होते आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर तेच कागद मराठीतून. पोटाचं दुखणं मात्र दोन्ही राज्यांत तेच राहिलं. भाकरी पचत नसे, भात नकोसा होई. ज्वारीच्या पिठाचं मऊ, जाळीदार धिरडं तेवढं त्यांना चाले, आणि ते अंबिकाबाई त्या तव्यावर घालत. त्या तव्याला त्यांनी कधी पाणी लागू दिलं नाही. गरम असतानाच जाड्या मिठानं पुसायचा, वांग्याच्या देठानं तेल फिरवायचं आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. लग्न होऊन आल्यावर भानुमतीला त्याची किळस आली होती.

"न धुता कसं हो चालतं, आई?"

"धुतलास तर रुसतो तो. मग तूच समजूत काढत बस."

आता समजूत काढायची वेळ आली होती. भानुमती शहागंजच्या बाजारातून नवा बिडाचा तवा घेऊन आली. दुकानदार म्हणाला होता, "बाई, आपटू नको और जल्दी करू नको. ये नवी दुल्हन है, टैम लगता." तिनं विटकरीच्या भुकटीनं घासून त्याचा खरखरीतपणा काढला, त्यात तांदळाची पेज उकळली, तेल लावून मंद आचेवर जाळलं, पुन्हा लावलं, पुन्हा जाळलं. पहिलं धिरडं तव्याला असं धरलं की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. दुसरं फाटलं. त्यातल्या त्यात बरा तुकडा तिनं दत्तोपंतांसमोर ठेवला. त्यांनी कड मोडून तोंडात घातली, बराच वेळ घोळवली आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवली.

"राहू दे, सूनबाई. ताक दे थोडं."

नुसत्या ताकावर ते किती दिवस काढणार होते? त्यांच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना औषध नको, अन्न पाहिजे. श्रीनिवासनं साध्या पत्र्याचा तवा आणून पाहिला, त्यावर धिरडं करपलं. रात्री तो भानुमतीला म्हणाला, "मी ते पाणी ओतायला नको होतं." तिनं नव्या तव्याला पुन्हा तेल लावायला घेतलं.

भिंतीपलीकडे द्वारकाबाई राहायची. तिचा नवरा कडूबा अजिंठ्याकडची शेती भावावर सोपवून शहरात पाणीपुरवठ्यात लागला होता. एका दुपारी भानुमती भिंतीपाशी रडताना दिसली तेव्हा द्वारकाबाईनं सगळं विचारून घेतलं आणि आत जाऊन आपला तवा आणला. काळा कुळकुळीत, आरशासारखा.

"माह्या सासूचा हाय. घे. पन पाणी नको लावू."

भानुमतीनं हात पुढं केला नाही.

"समजलं," द्वारकाबाई म्हणाली. "ह्याच्यावर आमी अंड्याची पोळी करतो, सुकट भाजतो. खोटं कशाला बोलू? तुला नको तर नको. म्हातारा उपाशी मरंल, तेवढं पाय बाई."

भानुमतीनं तवा पदराखाली घेतला. घरात आल्यावर ती त्याच्याकडे पाहत बसली. चिंचेनं घासला, जाळात घातला, की शुद्ध झाला असता; पण मग तो नव्या तव्यासारखाच झाला असता. तिनं जाडं मीठ घेतलं आणि तेच तव्यावर चोळत राहिली. मग देठानं तेल फिरवलं.

त्या संध्याकाळी दत्तोपंतांनी अर्धं धिरडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पाऊण. आठवडा होईपर्यंत ते अंगणात येऊन बसायला लागले, आणि एकदा तर म्हणाले, "तुझ्या सासूचा हात आला की गं तुला." श्रीनिवास खुलला. नवा तवा वळणावर आला असं तो सगळ्यांना सांगत सुटला. भानुमती रोज सकाळी तवा भिंतीवरून परत देई आणि संध्याकाळी पुन्हा मागून घेई. नव्या तव्यालाही ती रोज तेल लावत होती. तो तयार झाला की हे मिटणार होतं.

आखाडातल्या एका संध्याकाळी कडूबा लवकर घरी आला. द्वारकाबाई बाहेर गेली होती. त्यानं भिंतीवरून हाक मारली, "ओ वैनी, झालं का पंतांचं? आमचा तवा द्या बरं. पाव्हनं आलेत, सुकट भाजायची हाय."

दत्तोपंत अंगणातच जेवायला बसले होते. घास त्यांच्या हातात होता.

कडूबाला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. "का, लागतोय आजून? लागू द्या, लागू द्या. आमी थांबतो," असं म्हणून तो आत गेला.

श्रीनिवास दारात येऊन उभा राहिला. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

दत्तोपंतांनी घास ताटात ठेवला. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "धुऊन घेत होतीस ना?"

श्रीनिवासनं त्यांच्या पाठीमागून भानुमतीला मान हलवून खुणावलं, हो म्हण. तिलाही तेच म्हणायचं होतं. पण समोर ताटात धिरडं होतं. पातळ, जाळीदार, कुठंही न फाटलेलं. घासलेल्या तव्यावरून असं धिरडं सुटत नाही हे त्या घरात दत्तोपंतांइतकं कुणाला माहीत होतं? उभा संसार त्यांनी चुलीसमोर बसून तेच पाहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मिठानं पुसत होते."

त्यांनी मान डोलावली. "तुझा दोष नाही, सूनबाई. मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं."

"बाबा, मी प्रायश्चित्त विचारून येतो," श्रीनिवास म्हणाला. "तुम्ही खा."

"ते मी करीन. पण खायचं कसं आता?" ते खरंच विचारत होते. घास पुन्हा उचलून त्यांनी तोंडापाशी नेला. तोंड उघडलं नाही. मग त्यांनी हात धुतले.

भानुमतीनं तवा परत दिला तेव्हा द्वारकाबाईला सगळं कळलं होतं. तिनं कडूबाला आधीच फैलावर घेतलं असणार. तो ओसरीवर खाली मान घालून बसला होता.

"आमच्या तव्यावरचं पोटात गेलं म्हनून मानूस मरायला निघाला?" द्वारकाबाई म्हणाली. तिला राग आला होता की रडू, ते कळत नव्हतं. "आन इतके दिस अंगाला लागलं ते?"

भानुमती तशीच परत आली आणि नवा तवा चुलीवर ठेवला.

श्रावण अर्धा सरला तरी नव्या तव्यावरची धिरडी फाटतच होती, आणि दत्तोपंतांना पाणी चमच्यानं पाजावं लागत होतं; दुसरं काही त्यांना गिळवत नव्हतं. त्याच सुमारास एका सकाळी नव्या तव्यावरचं धिरडं कडेनं आपोआप सुटलं. उलथनं लावायचीही गरज पडली नाही. भानुमती ते ताटलीत घेऊन त्यांच्या उशाशी गेली. एक कण तिनं त्यांच्या ओठांवर ठेवला. तो तिथंच राहिला. दत्तोपंतांनी डोळे उघडून ताटलीकडे पाहिलं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

तिनं पदरानं त्यांचे ओठ पुसले.