उन्हात दिसणारं घड्याळ

दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ चढवून ती दुकानाबाहेर आली आणि पायरीवर, भर उन्हात, हात पुढे करून उभी राहिली.

"ताई, अहो ताई, आत बघा की! आत एसी आहे," दुकानदार काउंटरमागून म्हणाला.

"आमची माणसं एसीत नसतात, डोंगरावर असतात," ती म्हणाली आणि मागे न बघता मनगटं फिरवत राहिली. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आत्ताच कोणीतरी हिला बेड्या घालून नेणार आहे.

उजव्या हातावर नव्या पिढीचं मॉडेल होतं. दुकानातल्या दिव्यांखाली त्याचा अमोलेड पडदा नुसता झळकत होता, नकाशातली वाट न् वाट वेगळ्या रंगात. उन्हात आल्याबरोबर त्याचा तोरा निम्मा उतरला. चमक वाढवली की दिसायचं, पण मग बॅटरी लवकर संपायची, आणि मनगट खाली नेलं की स्वारी झोपी जायची. डाव्या हातावर त्याच कंपनीचं, आधीच्या पिढीचं घड्याळ होतं. त्याचा पडदा आत अगदीच मळका वाटला होता. इथे मात्र ऊन पडताच आकडे कागदावर छापल्यासारखे उठून दिसले. तो पडदा कधी झोपत नव्हता आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे चालायची. डोंगरावर माणसं नेणाऱ्या संस्थेने यातलं कुठलं घ्यावं हे काही कोणी समजावून सांगायला नको होतं.

"नवीनच घे," आतून काका म्हणाले.

ती वळली. काका काउंटरला टेकून उभे होते. दुकानदाराचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तो काकांच्या मनगटावरच्या, नव्या मॉडेलच्याच नमुन्याच्या घड्याळात काहीतरी बदलून देत होता आणि दोघं हळू आवाजात बोलत होते. ती आत येताच बोलणं थांबलं.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तशी ती पाल तिच्या मनात कायमच मुक्कामाला असायची. संस्थेची साधनांची खोली तिच्या ताब्यात होती. दोर, तंबू, टॉर्च, घड्याळं, सगळं तिच्या हातून जायचं आणि तिच्या हातात परत यायचं. दोर कोणी दगडावर घासला, तंबूत कोणी सिगारेट ओढली, हे ती हात लावून, वास घेऊन सांगायची. त्यामुळे सगळे तिला फौजदारीण म्हणत. माणूस कमी पडला तर ती गटही घेऊन जायची, पण तिचा खरा जीव या खोलीत होता. ही नोकरी तिला लावून दिली होती काकांनीच. ते तिचे सख्खे चुलते, संस्थेतले सगळ्यात जुने वाटाडे. तिचे वडील गेल्यावर त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. डोंगराची ती अरुंद धार, जिच्या दोन्ही बाजूंना खोल दरी होती, तिच्यावर ती पहिल्यांदा गेली ती त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरून.

आणि हेच काका वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते, "घड्याळाचा काय कंदील करायचाय? उन्हात दिसलं म्हणजे झालं." मग आज हे अचानक नव्याच्या प्रेमात कसे पडले?

"का पण काका? उन्हात तर जुनंच चांगलं दिसतं."

"जग पुढे चाललंय पोरी. आपणच मागे राहायचं का?" काका म्हणाले. हे बोलताना ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. कानाच्या आसपास कुठेतरी बघत होते.

हे तिने हल्ली बऱ्याचदा पाहिलं होतं. काका नजर चुकवत होते.

संस्थेच्या मालकांनी फोनवर सांगितलं, दोन्ही घड्याळं दोन दिवसांसाठी आणा, डोंगरावर वापरून बघा, मग ठरवू. दुकानदार इतक्या सहज तयार झाला की तिला त्यातही काहीतरी पाणी मुरताना दिसलं.

संध्याकाळी ती काकांची पाठपिशवी खुंटीला अडकवायला गेली, तेव्हा बाजूच्या कप्प्यात हाताला काहीतरी कडक लागलं. काकांचं जुनं घड्याळ. महिनाभर त्यांच्या मनगटावर दिसलं नव्हतं. "पट्टा तुटलाय," असं म्हणाले होते. संस्थेत कोणाचाही पट्टा तुटला तर तो तिच्याकडे यायचा. हा आला नव्हता, आणि तेव्हाच तिला खटकलं होतं. आता तिने पट्टा ओढून पाहिला. चांगला शाबूत होता. घड्याळही चालू होतं.

म्हणजे जुनी घड्याळं कुचकामी आहेत असं भासवायचं, मालकांना नवीन घ्यायला लावायचं आणि दुकानदाराने यांचे हात ओले करायचे. इतकं सरळ गणित होतं की तिला स्वतःचाच राग आला, हे आधी कसं सुचलं नाही. त्याहून जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने खोली डोक्यावर घेतली असती. ती काकांचं घड्याळ हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग ते स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवलं, मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून आली. मालक एवढंच म्हणाले, "काका? छे. बरं, विचारतो मी."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि काका धारेखालच्या झाडीतून वर चढत होते. दोन्ही घड्याळं तिच्याच मनगटांवर होती. काका पुढे. त्यांचा पाय कुठे अडखळत नव्हता. मुळं, सुटे दगड, ओल्या शेवाळाचे कातळ, सगळं त्यांच्या पायांना तोंडपाठ. मागून बघताना तिला वाटलं, या माणसाला चार पैशांची चिरीमिरी कशाला लागली असेल? काकूचं आजारपण? की म्हातारपणाची धास्ती? मागितले असते तर तिने दिले नसते का?

वाट जिथे दोन दिशांना फुटते तिथे काका थांबले.

"वाच बघू, उंची किती?"

ही त्यांची सवय. गेल्या वर्षभरात ते स्वतः काहीच वाचत नसत. नकाशा, पाटी, घड्याळ, जे काही असेल ते सोबतच्या माणसाला वाचायला लावत. नवी पोरं म्हणायची, काय शिकवतात काका! तिला तो निव्वळ आळस वाटायचा.

आज तिने हट्ट धरला.

"तुम्हीच वाचा. घड्याळ निवडायला आलोय ना? जुन्यात काय वाईट आहे ते मला दाखवा." तिने डावं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

काकांनी तिचा हात धरला, पानांतून पडलेल्या उन्हाच्या ठिपक्याखाली नेला, इकडून तिकडे फिरवला.

"आठशे चाळीस," ते म्हणाले. "आकडा बरोबर दाखवतंय. पण मळकट आहे, बघ की."

या फाट्याची उंची आठशे चाळीसच, हे तिलाही पाठ होतं. तिने खात्री करायला पडद्याकडे पाहिलं. मघाशी दगडावर हात टेकून चढताना बाहीने बटण दाबलं गेलं असावं. पडद्यावर उंची नव्हतीच. तिथे एक छोटं हृदयाचं चित्र होतं आणि त्याशेजारी तिचे ठोके. एकशे अठरा.

 तिने उजवा हात पुढे केला. मनगट वळताच नव्या घड्याळाचा पडदा उजळला. काल काकांच्या मनगटावर होतं तेच हे घड्याळ; दुकानदाराने त्यात लावून दिलेले मोठ्ठे, पडदाभर आकडे अजून तसेच होते.

"आणि यात?"

काकांनी मान किंचित तिरकी केली. घड्याळाकडे नव्हे, तिच्या कोपराकडे बघत ते सावकाश म्हणाले, "सात वाजून दहा."

सात वाजून दहाच झाले होते.

 कालपासून मनात रचलेलं सगळं एका क्षणात कोसळलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते कितीतरी वाईट होतं.

"काका, डाव्या घड्याळात उंची नव्हती."

 काका खाली वाकून, हाताने चाचपून, एका दगडावर बसले.

"कधीपासून?"

"गेल्या हंगामापासून."

"चष्मा?"

"चष्म्याचं नाही ते. बघायला गेलो की मधोमध डाग येतो. बाजूचं दिसतं." त्यांनी तिच्याकडे तोंड केलं, पुन्हा तिच्या कानाकडे. "असं बघितलं की तुझं तोंड दिसतं."

इतके दिवस ते तिची नजर चुकवत नव्हते. तिला बघत होते. 

"आणि धार?"

"धार पायांना पाठ आहे."

"मागून येणाऱ्यांच्या पायांना पाठ नाही. त्यातला एखादा घसरला, तर तो कुठल्या बाजूला घसरला ते दिसेल तुम्हाला?"

 काका म्हणाले, "हा एक हंगाम काढू दे. आकडे मोठे असले की निभतं माझं. त्यानंतर मी स्वतःच सांगेन."

तिने त्यांना हात देऊन उठवलं. दोघं उतरायला लागले.

साधनांच्या खोलीत मालक आधीच येऊन बसले होते. वडिलांच्या पश्चात संस्था त्यांच्याकडे आली होती, आणि काकांपुढे ते अजूनही खुर्चीच्या टोकावर बसत. त्यांनी उगाच एक दोर उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"काका, राग मानू नका. विचारायला जिवावर येतंय. त्या दुकानदाराकडून तुम्ही काही घेतलंत का?"

 सकाळपासून जे घडलं त्यात ती हे साफ विसरून गेली होती. काकांनी मान तिच्या दिशेने फिरवली. हे कोणी सांगितलं असेल ते त्यांना कळलं होतं. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"घेतलं," काका म्हणाले.

"काय?"

"थोडंफार. चुकलं माझं. परत करतो."

मालकांनी सुस्कारा सोडला. रागावण्यापेक्षा ते सुटल्यासारखे दिसले. "बरं झालं, सरळ सांगितलंत. विषय संपला. जुनी घड्याळंच मागवू. बाहेर कोणाला कळायचं कारण नाही." ते उठले. "आणि रविवारी धारेवरचा गट तुम्हीच न्यायचा. लहान मुलं आहेत त्यात, दुसऱ्या कोणावर सोडवत नाही मला."

तेव्हा तिला कळलं, काकांनी काय केलं होतं. जन्मभर जपलेलं नाव त्यांनी दिलं होतं आणि बदल्यात रविवार घेतला होता. पैसे खाल्लेल्या वाटाड्याला मालक माफ करू शकत होते. न दिसणाऱ्या वाटाड्याला घरी बसावं लागलं असतं. आणि तिनेच त्यांना ही वाट काढून दिली होती. आता तिने तोंड बंद ठेवलं की झालं. काकांचा डोंगर काकांकडे राहिला असता, आणि रविवारी त्यांच्यामागून मुलं चालली असती.

"मालक," ती म्हणाली. "काकांनी काही घेतलेलं नाही. माझा संशय खोटा होता."

"अगं, ते स्वतः म्हणतायत."

"मग त्यांना विचारा, नवीन घड्याळ कशाला हवं होतं."

मालकांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "पोरी." एवढंच. त्या एका शब्दात विनवणी होती, आणि तिने मान हलवली. ते त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

बाहेर कोणीतरी तंबू झटकत होतं. 

तिने टेबलाचा खण उघडला आणि काकांचं जुनं घड्याळ, न तुटलेल्या पट्ट्याचं, त्यांच्या हातात ठेवलं. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. ओळखलं.  मग त्यांनी तिचा हात मागून घेतला, तिच्या मनगटावरची दुकानातली दोन्ही घड्याळं सोडवून टेबलावर ठेवली आणि आपलं तिच्या मनगटाला बांधलं. पट्ट्याचं भोक त्यांच्या बोटांना पहिल्याच खेपेला सापडलं.

"जुनीच मागवा," ते मालकांना म्हणाले. "नवीन मला हवं होतं. बाकी कोणाला त्याची गरज नाही."

"आणि रविवारी?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. ते काकांच्या डोळ्यांकडे निरखून बघत होते.

"ही नेईल. धार मीच दाखवलीय हिला."

काकांनी खुर्ची चाचपली आणि बसले. टेबलावर नवीन घड्याळाचा पडदा विझून काळा झाला होता.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारलं. वाच बघू असं म्हणाले नाहीत.

तिने मनगट खिडकीतल्या उन्हात धरलं आणि त्यांना वेळ सांगितली.