सरांचा पेन ड्राइव्ह

"सर, पेन ड्राइव्ह काढताना तुम्ही कधी थांबता का हो?"

भर तासात हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. पण भिंगरीला पैजेची गरजच नव्हती. गेले आठ दिवस ती आतून नुसती धुमसत होती.

चित्रांचं नवं सॉफ्टवेअर तिनेच नेटवरून उतरवून दिलं होतं. कॉम्प्युटरच्या सरांनी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन लॅबभर फिरवली आणि वीसपैकी एकाही मशीनवर ते चालेना. झालं! सरांनी तिला वर्गासमोर उभं केलं. "अर्धवट फाइल उतरवलीस! डोकं घरी ठेवून येतेस का गं?" वर शाळेच्या कॉम्प्युटर स्पर्धेच्या टीममधून तिचं नावच खोडलं.

मग भिंगरी त्या फाइलच्या हात धुऊन मागे लागली. प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा निघतो, चेकसम. फाइलमधलं एक अक्षर हललं, तरी अख्खा आकडा पालटतो. खरा आकडा सॉफ्टवेअरवाल्यांनी साइटवर दिलेलाच होता. तिने प्रोग्राम लिहिला: ड्राइव्ह लावला की आकडा आपोआप ताडून बघायचा. जुळला तर पडद्यावर हिरवी पट्टी, नाहीतर लाल. आज 'प्रकल्प दाखवते' म्हणून तिने तो लॅबच्या पुढच्या मशीनवर चढवला होता.

"थांबायचं कशाला?" सर गुरगुरले. "पडद्यावर कॉपीची रेघ पूर्ण भरली की काढायचा."

"मग लावा ना तुमचा. आणि ही बघा, माझ्या ड्राइव्हवर मी उतरवलेली मूळ फाइल."

मूळ फाइल हिरवी. सरांची लालभडक.

"काहीतरी गडबड आहे. मी नव्याने घेतो." सरांनी तिची मूळ फाइल पुन्हा आपल्या ड्राइव्हवर टाकली. रेघ भरली रे भरली, ड्राइव्ह खसकन उपटला. परत लावला.

पुन्हा लाल!

"रेघ भरली तरी आत लिहिणं चालूच असतं, सर," भिंगरी एकेक शब्द चघळत म्हणाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अर्धवट!" वर्गात हशा पिकला. सरांचा चेहरा बघून तिला असं काही गार गार वाटलं की बस!

तास संपल्यावर सरांनी तिला दाराआड गाठलं. "झालं गेलं सोड. टीममध्ये घेतो तुला. पण हा विषय आता वाढवू नकोस."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "मग मिटलं की! मोठे आहेत गं ते."

"टीम मिळाली ना? आणखी काय हवंय बाईसाहेबांना?" बाबा हसले.

"मला वर्गासमोर झापलं आणि स्वतःची चूक मात्र दाराआड मिटवायची? जमणार नाही," भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी ठरवलंय. 'चूक माझी होती' असं सर वर्गासमोर म्हणेपर्यंत मी टीममध्ये पाऊल ठेवणार नाही. स्पर्धा बुडाली तर बुडू दे!"