माणशी एक बाटली

आमच्या ह्यांना नियम वाचायचा भारी नाद. औषधाच्या खोक्यातला कागद, लिफ्टमधली पाटी, काही म्हणून सुटायचं नाही. जहाजाच्या सहलीची तिकिटं आली तेव्हा तर विचारूच नका. "ऐक गं," म्हणायचे, "मोठ्या माणसाला प्रत्येकी एक बाटली वाइन बरोबर नेता येते. हातातल्या बॅगेतून, सील न फोडलेली. खोलीत बसून प्यायली तर काही नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर उघडण्याचे पैसे पडतात. जास्तीची सापडली तर ते काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात." मी म्हणायचे, "अहो, पाठ झालं मला. आता तो कांदा चिरा."

दोन बाटल्या त्यांनी आधीच आणून कपाटावर ठेवल्या होत्या. एक तुझी, एक माझी. आणि जहाज सुटायला दोन महिने असताना एका सकाळी दाढी करता करता गेले. अर्ध्या गालाला साबण तसाच.

आमची एकुलती एक लेक त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हती. कारण काय, तर जावयाच्या नव्या गाडीला हे 'डबा' म्हणाले. बाप तसा, लेक तशी, दोघांच्याही नाकावर राग. मी मध्यस्थी करून करून थकले. ती धावत आली तेव्हा ह्यांना काही ऐकू येण्यासारखं उरलं नव्हतं. तेव्हापासून पोरीचं एकच चालू, "आई, बाबांशी एकदा बोलायला हवं होतं गं." जेवताना तेच, फोनवर तेच.

ह्यांचं तिकीट आम्ही रद्द केलं. माझंही कर म्हणाली, मी नाही म्हटलं. आणि बॅगेत दोन्ही बाटल्या घेतल्या. कशाला? हट्ट, दुसरं काय! त्यांची एकटी बाटली कपाटावर ठेवून जायला मन होईना. काढून घेतली कोणी तर चांगलं भांडायचं असं ठरवूनच मी रांगेत उभी राहिले.

तपासणीच्या टेबलामागे हातमोजे घातलेला एक तरुण होता. त्याने बाटल्या उचलल्या, बुचावरून अंगठा फिरवला, माझ्या खांद्यामागे बघून हसला आणि म्हणाला, "दोघं जण, दोन बाटल्या. बरोबर आहे." मी मागे वळून पाहिलं. रांग संपली होती, मागे नुसता लांबच लांब रिकामा बोळ. पोरगा झोपेत असेल म्हटलं. फुकटचं भांडण टळलं म्हणून मी बॅग उचलली.

खोली छोटी, पण नेटकी. गोल खिडकी, भिंतीत बसवलेलं कपाट, दोन पलंग. दोन्हींवर चादरी घातलेल्या, दोन ग्लास पालथे, दाराला दोन झगे. असेल बाई, सगळ्याच खोल्यांत असेल. मी वरच्या डेकवर फेरी मारून आले आणि बघते तर माझ्या पलंगावर ओला टॉवेल.

"हजारदा सांगितलं, टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून!" मी ओरडले. सवयीने हो. तीस वर्षं ओरडत आले. मग माझी मलाच जाणीव झाली. टॉवेल उचलला. त्याला ह्यांच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता.

मी पळून जायला हवं होतं, नाही का? कुणीही शहाणी बाई गेली असती. मी तो टॉवेल खुंटीवर वाळत घातला आणि आडवी झाले. थोड्या वेळाने शेजारच्या पलंगावर घोरणं सुरू झालं. तेच, मध्येच अडकून शिट्टी वाजणारं. ज्या घोरण्यापायी मी जन्मभर बोटं मोडली, ते ऐकता ऐकता मला दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

संध्याकाळी माझी बाटली घेऊन जेवायला गेले. वाढपी म्हातारा होता, पाठीत वाकलेला. त्याने माझ्यासमोरचीही खुर्ची मागे ओढली, कोणीतरी बसेपर्यंत थांबला आणि पुढे सरकवली. मग माझी बाटली उघडून माझा ग्लास भरला.

"त्यांनाही द्या की," मी समोरच्या ग्लासकडे बोट दाखवलं. माझा आवाज किती सरळ निघाला म्हणून सांगू!

"ही तुमची, बाई. साहेबांची बाटली वेगळी." त्याने बूच खिशात टाकलं. "आणि ती इतक्यात फोडू नका. एकच राहिलीय आता."

"राहिलीय म्हणजे?"

"साहेबांना तिकीट नाही, ते बाटलीवर चढलेत. म्हणजे तुमच्या खोलीची माणसं आता बाटल्यांवर मोजायची. दोन बाटल्यांवर दोघं चढलात. उतरताना जितक्या सीलबंद, तितकी माणसं. जो हातात घेऊन उतरेल तो उतरला."

"आणि दुसरा?"

त्याने कोपऱ्यातल्या टेबलांकडे मान वळवली. तिथे बरीच माणसं नटूनथटून बसली होती. पुढ्यात रिकामे ग्लास. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कोणी त्यांना वाढतही नव्हतं. "राहतात इथेच," तो म्हणाला. "त्रास असा काही नसतो."

"अहो, मग बूच काढायच्या आधी सांगायला तोंड धरलं होतं का कोणी तुमचं?" मी इतकी भडकले की शेजारच्या टेबलवरचे वळून बघायला लागले.

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला आणि सूप आणायला गेला.

उघडलेली बाटली काही पुन्हा सीलबंद होत नाही. मग मी ती प्यायले. पुढचे दिवस, खोटं कशाला बोलू, बरे गेले. डेकवर दोन खुर्च्या धरायच्या, मी बडबड करायची. ह्यांचं उत्तर यायचं नाही, पण पूर्वी तरी कुठे यायचं! मी दमून थांबले की शेजारची खुर्ची करकरायची, म्हणजे ऐकतायत.

पण मनाशी मी पक्कं केलं होतं. बाटली मी नेणार. मी काही सती सावित्री नव्हे. ते गेलेले, मी जिती. घरी माझी लेक आहे, आता तिला माझ्याशिवाय कोण? ह्यांना मी तसं स्पष्ट सांगितलंही. खुर्ची करकरली. त्या दिवशी मात्र मला समुद्राकडे तोंड करून रडावं लागलं.

शेवटच्या सकाळी बंदर आलं. बाटली छातीशी धरून मी उतरणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. शिडीच्या तोंडाशी तोच हातमोज्यांवाला तरुण. खाली कठड्याला टेकून लेक उभी. मी हात हलवला. तिने वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या बाजूला, वीतभर वर, जिथे ह्यांचं डोकं येतं तिथे. तिचा हात तोंडावर गेला.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, बाबा!" पाच वर्षांची असताना शाळा सुटल्यावर हाक मारायची, तशी.

झालं. सगळं पक्कं केलेलं तिथेच वितळलं. कोणती आई ती हाक ऐकून पुढे सरकली असती? मला तरी जमलं नाही. मी डावीकडे वळून बाटली पुढे केली. "धरा," म्हटलं. "आणि पाडू नका." हात सोडला. बाटली पडली नाही.

मग हे दिसले. राखाडी स्वेटर, एक गाल गुळगुळीत, एकावर खुंट. "आणि तू?" म्हणाले.

"मला नाही उतरवत इतक्या पायऱ्या. तुम्ही व्हा पुढे. आणि गाडीला काही बोलू नका."

आयुष्यभर माझं ऐकत आले, तेव्हाही ऐकलं. तरुण म्हणाला, "एक बाटली, एक जण. या साहेब." मी शिडीच्या वरच्या टोकाला उभी राहिले. पुढे पाऊलच पडेना.

लेक धावत शिडीच्या पायथ्याशी आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. रडली, पण दोन महिन्यांत रडत होती तशी नाही. सहलीवरून आलेल्या बापासाठी रडावं एवढंच. "एकटे कशाला गेलात हो बाबा? मी नको म्हणत होते ना? आईला जाऊन जेमतेम दोन महिने झालेत. म्हटलं, आता तुम्हालाही काही झालं तर!"

ह्यांनी गोंधळून एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"अगं!" मी वरून ओरडले. "अगं, मी इथे आहे! इकडे बघ ना!"

तिने वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून, मी उभी होते तिथेच, नीट, बराच वेळ पाहिलं.

"चला बाबा," ती म्हणाली, "ऊन लागतंय तुम्हाला."