मानेच्या घडीतली लापशी

आमच्या उकाड्याच्या गावी, मगांगेला, अशा पुरळाला 'बाळ शिजलं' म्हणतात. माझा एलियान चार महिन्यांचा, गुटगुटीत, मानेला तीन घड्या. त्यातली मधली लालभडक झाली होती, ओलसर, कडेला बारीक ठिपके. हात लावला की किंचाळायचा.

सासूबाईंनी, एदिल्साबाईंनी, निदान कधीच करून टाकलं होतं. "तुझं दूध गरम पडतंय. रविवारी डुकराचं मटण खाल्लंस ना?"

"एकच तुकडा, आई."

"एकच! किती ते पोराची मान सांगतेय."

टेबलावर पावडरच्या दुधाचा डबा येऊन बसला. येत्या सोमवारपासून अंगावरचं बंद. पिताना एलियान माझं एक बोट गच्च धरून ठेवतो. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ माझा, आणि तोच जाणार होता. मी एवढंच म्हटलं, "शुक्रवारी दवाखान्यात दाखवू, मग तुम्ही म्हणाल तसं."

तिथल्या नर्स नूरिसताईंनी सासूबाईंचं 'गरम दूध' ऐकून घेतलं आणि एलियानची मान हलकेच मागे करून घडी उघडली. आतून पांढरा लगदा निघाला.

"हे काय, लापशी शिजवलीत की काय इथे?"

"कॉर्नफ्लोअर आहे," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

आमच्या घरी ते पुडकं सगळ्याला चालतं. सकाळी लापशीला, कार्निव्हलला एकमेकांच्या तोंडाला फासायला, आणि जन्मल्या दिवसापासून एलियानच्या घडीघडीत.

"घाम, लाळ, ओघळलेलं दूध," नूरिसताई म्हणाल्या, "त्यात कातडीवर कातडी घासते. वरून पीठ टाकलं की लगदा होतो, ओल आतच राहते. बुरशीला आणखी काय हवं? आईच्या दुधाचा काही दोष नाही."

"बुरशी? माझ्या पिठाला?" सासूबाई भडकल्या. "अहो, वीस वर्षं मी स्वतः लावतेय. काही झालंय का? हे बघा!"

आणि त्यांनी ब्लाउज वर केला.

छातीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा, कडेला तेच ठिपके, मध्ये चिरा पडलेल्या.

"दुखत नाही?" नूरिसताईंनी हळू विचारलं.

"दुखतं की." आवाज एवढासा झाला. "मला वाटायचं, जाड बायकांचं असंच असतं."

"आणि तुम्हाला हो कुणाचं दूध गरम पडलं, एदिल्साबाई?"

सासूबाई आधी रागावल्या, मग खुदकन हसल्या, मग डोळे पुसेपर्यंत हसत राहिल्या. मलम दोघांना एकच मिळालं. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, वारा लागू द्यायचा, पीठ बंद. त्यांना वर साखरेची तपासणीही लिहून दिली.

मी तीन दिवस मनात भांडणाची तयारी करत होते. त्यातला एक शब्दही लागला नाही. पोटच्या मुलींसमोर कपडे न बदलणारी ही बाई परक्या खोलीत उघडी झाली. जिंकायलाच झाली म्हणा, पण माझं दूध वाचलं ते त्यामुळे. मी हे कधी विसरणार नाही.

बाहेर बाकावर एलियान भुकेनं रडायला लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? पाज की!"

तो प्यायला लागला. माझं बोट त्यानं धरलंच. सासूबाई शेजारी सरकल्या, कोरड्या फडक्याचं टोक त्याच्या हनुवटीखाली धरून बसल्या, आणि ओघळ मानेकडे निघाला की टिपत राहिल्या.