नाव न लिहिलेला फॉर्म

मेघना कंधारकरला कामाचा ताण आवडायचा. हे ती कुणाला सांगत नसे, ऐकणारा हसला असता. पण मार्च महिन्यात एकाच वेळी तीन नवी हॉस्पिटलं अंगावर आली, की तिला सकाळी गजराच्या आधी जाग यायची, चहा पिताना डोक्यात याद्या तयार व्हायच्या आणि मलकपेठच्या मेट्रो स्टेशनचा जिना ती धावतच चढायची.

माधापूरच्या एका कंपनीत हॉस्पिटलांचे विम्याचे दावे तपासायचं तिचं काम. सहावा मजला, अकरा वर्षं, हाताखाली नऊ जण. त्यांतली भामा सगळ्यांत नवी. बोधनची, घरी मराठी, शाळा तेलुगू, त्यामुळे मराठी बोलताना मधेच अडखळायची आणि मेघनाला 'अक्का' म्हणायची. पण नजर अशी की चारशे फायलींतली एक खोटी तारीख तिला वाचताक्षणी खुपायची. त्या वर्षीच्या मार्चमध्ये दोघींनी पैज लावून साडेसहाशे दावे तीन आठवड्यांत हातावेगळे केले होते. शेवटचा दावा बंद झाला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. भामा खुर्चीतून उठली, दोन्ही हात वर करून नुसतीच उभी राहिली, आणि मग दोघी खाली जाऊन मिरची भजी खाऊन आल्या. मेघना चव्वेचाळीसची आणि भामा सव्वीसची, पण त्या दिवशी वयाचं काही वाटलं नाही.

मे महिन्यात हर्षद नावाचा नवा मॅनेजर आला आणि त्याने साडेनऊची मीटिंग सुरू केली. आदल्या दिवशी सगळ्यांत कमी दावे ज्याचे, त्याचं नाव पडद्यावर लाल अक्षरांत यायचं. मग हर्षद त्याला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय झालं?" भामाला अवघड फायली दिल्या जात, त्यामुळे तिचा आकडा कमी पडे. महिन्याभरात तिचं नाव सात वेळा लाल झालं. मेघनाने हर्षदला दोनदा समजावलं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली आणि काही बदललं नाही.

जुलैत कामाच्या ताणावर संदीपचं एक सेशन ठरलं. संदीप बिलोलीकर हा मेघनाचा आतेभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, आणि कंपनीच्या एचआरमधला वरचा अधिकारी. बरकतपुऱ्यात आत्याच्या घरी दोघं एकत्र वाढल्यासारखीच. मेघनाला सायकल त्यानेच शिकवली होती, नोकरीचा अर्जही त्यानेच भरून घेतला होता. सेशनच्या आधी तो तिच्या टेबलापाशी आला.

"मेघू, उद्या पुढच्या रांगेत बस. तू बसलीस की तुझी माणसंही ऐकतील."

"दादा, तू बोलणार म्हटल्यावर ऐकतीलच."

"नाही गं, एचआरचा माणूस आला की सगळे तोंड मिटून बसतात. तुझं तसं नाही."

सेशन खरंच चांगलं झालं. संदीपला बोलता यायचं. "लग्नाच्या आदल्या दिवशी झोप लागत नाही," तो म्हणाला, "आणि डॉक्टरांचा रिपोर्ट यायचा असतो तेव्हाही लागत नाही. धडधड तीच, हातांना घाम तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी तुम्हाला पुढे जावंसं वाटतं आणि दुसऱ्या ठिकाणी पळून. पहिला ताण आम्हाला हवाय. दुसरा कुठे आहे ते तुम्ही सांगा, आम्ही तो कमी करू." मग त्याने सगळ्यांच्या फोनवर एक फॉर्म पाठवला. नाव लिहायचं नाही, उत्तरं बाहेरची एक एजन्सी वाचणार, कंपनीला फक्त एकूण आकडे कळणार.

मेघनाने तिथेच बसून फॉर्म भरला. खरं लिहायचं असं तिने ठरवलं होतं. वडिलांची आठवण वर्षभरापासून ढासळत चालली होती. वसंतराव चाळीस वर्षं कोर्टात नोकरी केलेला माणूस, आता घरी सांभाळायला येणाऱ्या बाईला रोज नाव विचारत होते. अमीरपेठला गाडी बदलताना मेघना स्टेशनच्या बाथरूममध्ये पाच मिनिटं रडून घेते, हे तिने त्या फॉर्ममध्ये लिहिलं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

भामा फोन हातात धरून नुसती बसली होती.

"अक्का, मी नाही लिहीत. काय की, भीती वाटायलीय."

"अगं, नाव नाहीये त्यात. लिही. साडेनऊच्या मीटिंगचं लिही, नाहीतर ती बंद कशी होणार?"

"खरंच लिहू?"

"मी लिहिलंय ना."

मग भामाने लिहिलं, आणि पाठवण्याआधी मेघनाला वाचायला दिलं. सकाळी साडेनऊच्या मीटिंगला जायची भीती वाटते, म्हणून मी चौथ्या मजल्यावरच उतरते आणि उरलेले दोन मजले पायऱ्यांनी हळूहळू चढते, तेवढाच वेळ मिळतो. मेघनाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पाठव."

सहा आठवड्यांनी हर्षदने मेघनापुढे एक कागद सरकवला. भामाला कामावरून कमी करायचं होतं. टीमप्रमुख म्हणून मेघनाची सही हवी होती. कारणांत आकडे होते, आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ होती: कामाचा दबाव झेपत नाही, कार्यालयात येणं टाळण्यासाठी लिफ्टमधून दोन मजले आधी उतरतात.

मेघनाने ती ओळ तीनदा वाचली. मग कागद उचलला आणि तशीच आठव्या मजल्यावर संदीपच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, ते फॉर्म कोण वाचतं?"

"एजन्सी. सांगितलं होतं की."

"मग भामा चौथ्या मजल्यावर उतरते हे या कागदावर कसं आलं?"

संदीप उठला आणि त्याने दार लावून घेतलं. "बस."

"बसत नाही. बोल."

"फॉर्मची लिंक प्रत्येकाला वेगळी गेली होती, त्यावरून नाव कळतं," तो हळू आवाजात म्हणाला. "वरून तसंच आलं होतं, मेघू. बावीस माणसं कमी करायची होती. ज्यांना झेपत नाही त्यांना आधी मोकळं करायचं, असं ठरलं. मी नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरा आला असता."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

त्याने टेबलावरची पेनं सरळ लावली.

"दादा, केव्हापासून?"

"सेशनच्या आधीपासून."

"म्हणजे तू मला पुढे बस म्हणालास तेव्हा..."

"तुझ्या माणसांचा तुझ्यावर विश्वास आहे. तू भरलास तर तेही भरणार, हे उघड होतं. पण तू काळजी करू नकोस. तुझा फॉर्म मी काढून टाकलाय. तूही त्यात काय कमी लिहिलं होतंस का?"

मेघनाला आधी वाक्य कळलंच नाही. मग कळलं. त्याने वाचलं होतं. फॉर्म भरल्यानंतर तो दोनदा मलकपेठला घरी येऊन गेला होता, मामाशेजारी बसून त्याने चहा घेतला होता, "मामा, मला ओळखलंत का?" म्हणून हसला होता. स्टेशनच्या बाथरूमचं त्याला माहीत होतं आणि त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. वर आता फॉर्म काढून टाकल्याचं तिच्यावर उपकार केल्यासारखं सांगत होता.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"नको करूस. हर्षद करेल."

हर्षदने केली. शुक्रवारी दुपारी भामाला बोलावून कागद दिला गेला. सामान आवरताना तिने मेघनाकडे वळूनही पाहिलं नाही. मेघना तिच्यामागे लिफ्टपर्यंत गेली.

"भामा, ऐक."

"अक्का, ते लिफ्टचं मी फक्त तुम्हाला दाखवलं होतं," भामा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दार बंद झालं.

रविवारी सकाळी मेघना उप्पलला भामाच्या खोलीवर गेली. भामाने दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मेघनाने सगळं सांगितलं, लिंकचं, बावीस माणसांचं, संदीपचं. स्वतःचा फॉर्म काढून घेतला गेला तेही सांगितलं. ते लपवावं असं वाटेत तिच्या मनात येऊन गेलं होतं.

भामाने शेवटपर्यंत ऐकलं. "तुम्ही ते कुणाला सांगितलं नाही, हे पटलं मला," ती म्हणाली. "पण मी नको म्हणत होते, अक्का. तुम्हीच लिही म्हणालात."

मेघनाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ती निघाली. भामा जिन्यापर्यंत आली नाही.

परतताना मेट्रोत मेघनाचं काळीज धडधडत होतं, हात गार पडले होते. असं तिला मार्चमध्येही व्हायचं, पण तेव्हा तिला ऑफिस कधी येतंय असं व्हायचं. आता मलकपेठला उतरावंसंही वाटत नव्हतं. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा त्यानेच आपल्याला पुढच्या रांगेत बसवून गळाला लावलं, आणि आपण खुशीने बसलो. हेच तिच्या मनातून जात नव्हतं.

सोमवारी साडेनऊच्या मीटिंगच्या आधी तिने सहाव्या मजल्यावरच्या सगळ्यांना स्वतःच्या नावाने एक मेल पाठवला. फॉर्म गुप्त नव्हता, हे लिहिलं. मी भरा म्हणाले म्हणून ज्यांनी भरला त्यांची मी माफी मागते, हेही लिहिलं. खाली तिने स्वतःची उत्तरं आठवतील तशी टाकली, बाथरूमसकट, म्हणजे ती दाखवून कुणी तिला घाबरवायला नको.

मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उठलं, आणि त्या दिवशी मीटिंगला निम्मी माणसं गेलीच नाहीत. पुढे मोठी गडबड झाली. बाकीची काढायची नावं थांबली, पण गेलेली अकरा माणसं परत आली नाहीत. भामाने आणि आणखी चौघांनी वकील गाठला, मेघनाने त्यांना लेखी जबाब दिला. मेघनाला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं आणि तिने दिला. संदीपची बदली पुण्याला झाली. ती बढती होती की शिक्षा, कुणाला कळलं नाही.

आता मेघना मलकपेठमधल्याच एका छोट्या हॉस्पिटलात विम्याचं काउंटर सांभाळते. पगार निम्मा आहे. दुपारी घरी जाऊन वडिलांना जेवायला वाढून येते. भामाची केस चालू आहे. तारखेला दोघी भेटतात, बोलतात, पण भामा तिला आता मॅडम म्हणते.

दिवाळीआधी सरोजआत्याचा, संदीपच्या आईचा, फोन आला. तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, संदीप पुण्याहून येणार होता.

"मेघू, येणार ना गं? तो म्हणतो तू त्याचा फोनच उचलत नाहीस. एवढं काय झालं तुमच्यात?"

आत्याला काही माहीत नव्हतं. सांगायचं तर आता सांगता आलं असतं.

"येईन, आत्या. बाबांनाही घेऊन येते," ती म्हणाली. "फक्त मला त्याच्या पंगतीत बसवू नका."

"का गं?"

"ते त्यालाच विचारा. तो खरं सांगतो का, मलाही बघायचंय."

"बरं, विचारते," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.