न जाणवलेली थरथर

मला आपटल्याशिवाय मी बोलत नाही. त्यामुळे मित्रांनो, कोणी आपटलेलं नसताना मी आज तोंड उघडलं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण राहवत नाही म्हणून बोलतो. मी एक जुना नादकाटा आहे. माझ्या दोन लांब भुजा आहेत, दोन्ही भुजांच्या टोकांना वजनाची एकेक टोपी आहे आणि खाली गुळगुळीत बूड आहे. माझे भाऊबंद तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले असतील. ते तुम्हाला आवाज कसा तयार होतो ते शिकवतात. माझं काम वेगळं. मी माणसाच्या पायाला विचारतो, "बाबा रे, जागा आहेस ना?"

माझा जन्म पोलादाच्या एका कांबीतून झाला. कारागिराने मला कापलं, वाकवलं आणि कानशीने घासलं. सेकंदाला बरोबर एकशे अठ्ठावीस वेळा थरथरेपर्यंत तो मला घासतच राहिला. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. पुढे नागपुरात, मेडिकल कॉलेजजवळच्या एका दुकानात मी काचेआड पडून होतो. तिथून मला उल्हास नावाच्या एका किडकिडीत विद्यार्थ्याने उचललं. तो डॉक्टर झाला आणि अमेरिकेला निघाला, तेव्हा त्याच्या आईने विणलेल्या एका लोकरी मोज्यात गुंडाळून त्याने मला सुटकेसमध्ये ठेवलं. टेक्सासच्या उकाड्यात लोकरी मोजे कोण घालणार? म्हणून तो मोजा कायमचा माझाच झाला.

ह्यूस्टनमधल्या दवाखान्यात आम्ही दोघांनी उभी हयात घालवली. मधुमेहाचे पेशंट फार असत. मित्रांनो, रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती नसांना इजा करते, आणि सगळ्यात आधी पायांच्या बोटांची जाणीव जाते. यात दुखत काहीच नाही, आणि हीच मोठी भीती आहे. खडा टोचला, फोड आला, जखम चिघळली, तरी माणूस आपला खुशाल चालत राहतो. म्हणून डॉक्टर पेशंटला मोजे काढायला लावत, मला तळहातावर आपटत आणि माझं बूड अंगठ्याच्या हाडावर टेकवत. "डोळे मिटा. थरथर थांबली की सांगा," एवढंच म्हणत. पेशंट "थांबली" म्हणाला की लगेच मला स्वतःच्या अंगठ्यावर टेकवून बघत. त्यांच्या बोटाला मी अजून थरथरताना कळलो, की त्यांचा चेहरा गंभीर होई. एका ट्रक ड्रायव्हरचा पाय असा वेळेवर सावधगिरी घेतल्याने वाचला. तो दर उन्हाळ्यात पीचची पेटी घेऊन येई आणि मलाही हात लावून जाई. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायचा.

मग डॉक्टर रिटायर झाले. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या त्यांच्या घरी, कपाटात, दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्याखाली, मला ठेवलेली त्यांची डॉक्टरी बॅग गेली. कोणी आपटणारं उरलं नाही. कपाटाचं दार स्वयंपाकघराला लागून होतं, म्हणून बाहेरचं बोलणं तेवढं ऐकू येई.

त्या बोलण्यात सगळ्यात जास्त आवाज शोभनाबाईंचा. डॉक्टरांचा धाकटा भाऊ बाळ तेलकंपनीत इंजिनियर होता. शोभनाबाई त्याची बायको. बाळ गेल्यापासून त्या दर रविवारी जेवायला येत. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाई दर वेळी त्यांना पाय दाखवा म्हणत, आणि शोभनाबाई दर वेळी सांगत, "अहो, आमच्या घरातच डॉक्टर आहेत. ते बघतात." घरचे डॉक्टर रविवारी विचारत, "शोभना, शुगर किती आली?" आकडा ऐकत, एखादी गोळी बदलून घे म्हणून सांगत. पण पाय मात्र कधी बघत नसत. एकदा त्यांनी विषय काढला होता, तेव्हा शोभनाबाईंची खुर्ची करकन मागे सरकल्याचं मला ऐकू आलं.

"भाऊजी, काहीतरीच काय! तुमच्या हातात मी पाय देऊ? थोरले दीर तुम्ही. दिवाळीला तुमच्या पाया पडते मी."

डॉक्टरांनाही अवघडल्यासारखं झालं. "बरं, राहू दे," ते म्हणाले. ते राहिलं ते राहिलंच. डॉक्टरीणबाईंना वाटे घरी बघतात, घरच्यांना वाटे तिकडे बघत असतील.

मागच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी शोभनाबाई मोठ्या खुशीत आल्या. आदल्या दिवशी त्या देवळात गेल्या होत्या. बाहेर चपला काढून देवळाभोवती प्रदक्षिणा घालायची, आणि भर दुपारी ते काँक्रीट तव्यासारखं तापलेलं.

"सगळ्या मुली उड्या मारत सावलीत पळाल्या," त्या सांगत होत्या. "मी आपली शांतपणे तीन प्रदक्षिणा घातल्या. त्यातली रेणू मला म्हणाली, काकू, श्रद्धा असावी तर तुमच्यासारखी! देवाची कृपा हो, दुसरं काय. मला चटका म्हणून लागला नाही."

सगळ्यांनी कौतुक केलं. डॉक्टरही हसले. मित्रांनो, असा न लागलेला चटका मी हजारो पायांत पाहिला होता. त्या क्षणी कोणी चुकून बॅगेला धक्का जरी दिला असता, तरी मी जिवाच्या आकांताने वाजलो असतो. पण कंदिलांचं खोकंसुद्धा हललं नाही.

पुढच्या रविवारी शोभनाबाईंची नात अनया आली होती. ती पायांची डॉक्टर होण्याचं शिकत होती. अमेरिकेत जन्मलेली नात वाकून नमस्कार करते, याचा शोभनाबाईंना कोण अभिमान! मला नंतर कळलं, कॉलेजला परत निघताना ती आजीच्या पायांशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आजी, हे ओलं काय आहे?"

"पाणी सांडलं असेल गं. ऊठ, औक्षवंत हो."

"इट्स नॉट वॉटर. आजी, बस. आत्ता बस." तिने पाऊल वर उचललं. अंगठ्याखाली मोठा फोड फुटून जखम झाली होती, भोवतीची कातडी लालभडक सुजली होती. "हे दुखत नाहीये तुला?"

"छे! काही म्हणजे काही नाही."

अनया डॉक्टरांकडे वळली. "आजोबा, तुमच्याकडे ट्यूनिंग फोर्क आहे?"

किती वर्षांनी कपाटाचं दार माझ्यासाठी उघडलं! डॉक्टरांनी मोज्यातून मला काढलं आणि अनयाच्या हातात दिलं. तिने मला आपटलं. आधी मला आजीच्या मनगटाच्या हाडावर टेकवलं.

"अगं बाई, गुदगुल्या होतात!" शोभनाबाई हसल्या.

"राइट. अशाच गुदगुल्या पायाला झाल्या की सांग. डोळे मीट. आवाज ऐकू नकोस, फक्त फील कर."

तिने मला पुन्हा आपटलं आणि जखमेपासून दूर, अंगठ्याच्या वरच्या हाडावर टेकवलं. मी थरथरलो. सगळं बळ एकवटून थरथरलो. इतक्या वर्षांत मी कोणाला इतकं विनवलं नव्हतं. शोभनाबाई डोळे मिटून, चेहऱ्यावर हसू घेऊन वाट पाहत होत्या.

"अगं, लाव ना," त्या म्हणाल्या.

अनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी," ती म्हणाली, "लावलाय."

शोभनाबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहिलं. तो पाय कुणा परक्याचा असावा तसा त्या बघत होत्या. डॉक्टर खुर्चीचा आधार घेऊन खाली जमिनीवर बसले, भावजयीच्या पायांपाशी. "शोभना, मी बघायला हवं होतं," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधायला उठले.

जखमेचं विष अंगठ्याच्या हाडात उतरलं होतं. हॉस्पिटलमध्ये अंगठा काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर पाऊलही गेलं असतं, असं तिथल्या सर्जनने सांगितलं. पाऊल वाचलं याचा आनंद मानावा हे मला कळतं, तरी त्या अंगठ्यासाठी मला अजून वाईट वाटतं. त्याला मी एकदाच भेटलो, तोही फार उशिरा.

आता शोभनाबाई जाड तळव्यांचे बूट घालतात आणि घरातसुद्धा अनवाणी चालत नाहीत. पायांच्या डॉक्टरांकडे वेळच्या वेळी जातात. शिवाय दर रविवारी जेवणाआधी डॉक्टर चष्मा लावून स्टुलावर बसतात. शोभनाबाई आधी भाऊजींना हात जोडतात आणि मग पाय पुढे करतात. अनयाने मात्र मला मागून घेतलं. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात मी त्याच लोकरी मोज्यात असतो. रोज चार अनोळखी अंगठ्यांना भेटतो.

मित्रांनो, माझ्यासारखा नादकाटा तुमच्या घरी नसेल. पण तुम्हाला हात आहेत, आणि सणासुदीला तुम्ही आजी-आजोबांच्या पाया पडता. घाईघाईने वाकता, पायाला हात लावल्यासारखं करता आणि पळता. घरात कोणाला मधुमेह असेल, तर पुढच्या वेळी तसं करू नका. खाली नीट बसा. तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. त्यांना डोळे मिटायला सांगा, अंगठ्यावर अगदी हलकेच बोट ठेवा आणि विचारा, "आजी, माझा हात कळला का?"

आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.